'दॅन'च्या पुढं नेमकं काय यायला पाहिजे? कम्पॅरिझन आणि पॅरललिझमची वाक्यं कशी ओळखायची

औसेकर_अभ्यासिका

नमस्कार मंडळी. मी लातूरला रूम करून एसएससी (दहावी नाही, स्टाफ सिलेक्शनची नोकरीची परीक्षा) आणि बँकेची तयारी करायलोय, बारावीपर्यंत मराठी मिडियम, गाव औसा तालुक्यात. इंग्लिशचं बाकी बऱ्यापैकी बसायलंय, टेन्स झालं, आर्टिकल झालं, सब्जेक्ट-व्हर्ब ॲग्रीमेंट तर आता झोपेत पण जमतं, पण एरर स्पॉटिंगमधला (वाक्याचे भाग देतेत, चूक कुठल्या भागात ते ओळखायचं) एक प्रकार आहे की तो काही केल्या पकडीत येईना. वाक्य वाचलं की कानाला एकदम गुळगुळीत लागतं, अर्थ पण कळतो, आपण बिनधास्त 'नो एरर' करतो अन् उत्तरपत्रिकेत लिहिलेलं असतं की पार्ट सी मध्ये चूक आहे. का चूक आहे ते कुणीच सांगत नाही. क्लासमध्ये विचारलं तर म्हणले दॅनच्या पुढं 'दॅट ऑफ' लावायचं, पाठ करून टाक.

पेपरात दिल्ली-मुंबईची वाक्यं असतात, मी त्याच साच्यात आपल्याकडची नावं टाकून वहीत लिहून ठेवलीत, ती इथं टाकतो:

"द रेनफॉल इन लातूर इज लेस दॅन कोल्हापूर."

"जायकवाडी इज बिगर दॅन एनी डॅम इन मराठवाडा."

"टू गो टू मुंबई बाय ट्रेन इज चीपर दॅन गोइंग बाय बस."

"शी नॉट ओन्ली टीचेस मॅथ्स बट ऑल्सो इंग्लिश."

चारही चूक आहेत म्हणे. मला दोन गोष्टी विचारायच्यात, एक तर दरवेळी 'दॅट ऑफ' लावायचंच का, आणि दुसरं म्हणजे पहिली दोन कम्पॅरिझनची अन् खालची दोन पॅरललिझमची असं वेगवेगळं पाठ करायचं का हे एकच काहीतरी आहे? एसएससीच्या टियर वनला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, चुकलेल्या उत्तराला अर्धा मार्क कापतेत, म्हणून अंदाजानं मारायला भ्या वाटायलंय.

गोदाकाठचा_मास्तर

बाळा, प्रश्न चांगला विचारलास, आणि वाक्यं आपल्याकडची घेतलीस ते अजून चांगलं केलंस. बत्तीस वर्षं हायस्कूलला इंग्रजीच शिकवलं, तर जरा सविस्तर लिहितो, वाचायला दम लागला तर चहा पिऊन ये.

आधी तुझा दुसरा प्रश्न, कारण तो सुटला की पहिला आपोआप सुटतो. हे एकच आहे. वेगवेगळं पाठ करू नको. एका जुवाला इकडं बैल अन् तिकडं रेडा जुंपला तर औत सरळ चालत नाही, तसं इंग्रजीत दॅन, ॲज, लाइक, अँड, ऑर, नॉट ओन्ली... बट ऑल्सो ही सगळी जुवं आहेत, त्यांच्या दोन्ही बाजूला एकाच जातीचं काहीतरी पाहिजे. कम्पॅरिझनमध्ये जात म्हणजे अर्थाची जात बघायची, पावसाशी पाऊस, माणसाशी माणूस. पॅरललिझममध्ये व्याकरणाची जात बघायची, नाउनशी नाउन, आयएनजीशी आयएनजी, टू वाल्याशी टू वाला. फरक एवढाच.

आता पहिलं वाक्य घे. दॅनच्या अलीकडं काय आहे? रेनफॉल. पलीकडं काय आहे? कोल्हापूर. म्हणजे तू पावसाची तुलना एका अख्ख्या शहराशी केलीस. मराठीत आपण "लातूरचा पाऊस कोल्हापूरपेक्षा कमी" असं सर्रास म्हणतो आणि ते चालतं, ऐकणारा मधला पाऊस स्वतःच भरून घेतो, म्हणून तर तुझ्या कानाला ते गुळगुळीत लागतं. परीक्षेचं इंग्रजी ते भरून घ्यायला तयार नसतं. म्हणून "द रेनफॉल इन लातूर इज लेस दॅन दॅट इन कोल्हापूर". इथं दॅट म्हणजे रेनफॉल, दुसरं काही नाही. आणि बघ, इथं 'दॅट ऑफ' नाही, 'दॅट इन' आलं, कारण अलीकडं 'रेनफॉल इन' होतं. तुझ्या क्लासवाल्यांनी सांगितलेलं पाठ केलं असतंस तर इथंच अडकला असतास.

अनेकवचन असेल तर दॅट जाऊन दोज येतं. "द केव्हज ऑफ अजंठा आर ओल्डर दॅन वेरूळ" हे चूक, "दॅन दोज ऑफ वेरूळ" हे बरोबर. पेपर काढणारे लबाड असतात, पर्यायात 'दॅट ऑफ वेरूळ' पण देऊन ठेवतेत, पोरं घाईत तेच उचलतात. केव्हज अनेक आहेत, वेरूळला तर चौतीस आहेत, दॅट कसं चालेल?

पण खरं सांगू का, मला स्वतःला 'दॅट ऑफ'ची ही ठिगळं फार आवडत नाहीत. परीक्षेत पर्याय दिलेला असतो तर तो निवडावाच लागतो, पण स्वतः लिहिताना बऱ्याचदा कर्ताच बदलून टाकावा. "लातूर गेट्स लेस रेन दॅन कोल्हापूर." लातूरला कमी मिळतो, कोल्हापूरला जास्त मिळतो, दोन्हीकडं शहरंच आहेत, जुवं सरळ. तेच धरणाचं. "द कपॅसिटी ऑफ जायकवाडी इज मोअर दॅन मांजरा" हे चूक कारण क्षमता आणि धरण एकमेकांसमोर उभे केलेत. ते दुरुस्त करताना "दॅन दॅट ऑफ मांजरा" लिहिता येतं, किंवा सरळ "जायकवाडी होल्ड्स मोअर वॉटर दॅन मांजरा". जायकवाडीची एकूण क्षमता साधारण २९०० दलघमी (दशलक्ष घनमीटर) आणि मांजराची सव्वादोनशेच्या आसपास, म्हणजे तेरापट. त्याचं इंग्रजी "जायकवाडी होल्ड्स अबाउट थर्टीन टाइम्स ॲज मच वॉटर ॲज मांजरा". पटीत सांगायचं तेव्हा 'टाइम्स ॲज मच ॲज' हीच मांडणी घे, 'थर्टीन टाइम्स मोअर दॅन' म्हणलं की तेरापट का चौदापट ह्याच्यावरच वाद घालणारे लोक निघतात.

दुसरं वाक्य. जायकवाडी स्वतः मराठवाड्यातच आहे ना? मग "एनी डॅम इन मराठवाडा" मध्ये ते स्वतः पण आलं, आणि स्वतःपेक्षा मोठं कोण कसं असेल? म्हणून "एनी अदर डॅम इन मराठवाडा". पण "जायकवाडी इज बिगर दॅन एनी डॅम इन कोकण" इथं अदर टाकायचं नाही, कारण ते कोकणातलं नाहीच. हे उलटं पण विचारतात. आणि सुपरलेटिव्हला नेमकं विरुद्ध, "द बिगेस्ट ऑफ ऑल अदर डॅम्स" हे चूक, तिथं अदर काढायचं, कारण सगळ्यात मोठं म्हणताना ते त्या सगळ्यातलंच एक असावं लागतं.

तिसरं सोपं आहे, अलीकडं 'टू गो' आहे तर पलीकडं पण 'टू गो' पाहिजे, नाहीतर दोन्हीकडं 'गोइंग'. "गोइंग बाय ट्रेन इज चीपर दॅन गोइंग बाय बस." कुठलंही घे, पण एकच घे.

चौथ्याला एक युक्ती सांगतो ती डोक्यात ठेव. 'नॉट ओन्ली'च्या लगेच पुढं जे आलंय तेच 'बट ऑल्सो'च्या लगेच पुढं आलं पाहिजे. तुझ्या वाक्यात नॉट ओन्लीच्या पुढं आहे टीचेस, म्हणजे व्हर्ब, आणि बट ऑल्सोच्या पुढं आहे इंग्लिश, म्हणजे नाउन. जमलं नाही. 'नॉट ओन्ली' उचलून व्हर्बच्या पलीकडं ठेव, "शी टीचेस नॉट ओन्ली मॅथ्स बट ऑल्सो इंग्लिश", आता मॅथ्ससमोर इंग्लिश. किंवा नॉट ओन्ली आहे तिथंच ठेवायचं असेल तर पलीकडं पण व्हर्ब दे, "शी नॉट ओन्ली टीचेस मॅथ्स बट ऑल्सो रन्स द लायब्ररी". बोथ-अँड, आयदर-ऑर, नायदर-नॉर सगळ्यांना हीच तपासणी लाव.

बीडचा_बंड्या

मास्तर तुमचं सगळं मान्य, पण एक बोलू का, हे सगळं परीक्षेपुरतं आहे. क्रिकेटची इंग्लिश कॉमेंटरी ऐका, इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचे जुने खेळाडू बोलताना "हिज ॲव्हरेज इज बेटर दॅन एनी बॅट्समन" असं बिनदिक्कत म्हणतात, त्यांना कोण विचारतंय दॅट ऑफ कुठं गेलं म्हणून. म्हणजे ही मराठीमुळं होणारी चूक वगैरे काही नाही, ज्यांची भाषा आहे ते पण तसंच बोलतात. अन् लातूरचा पाऊस कोल्हापूरपेक्षा कमी हे सांगायला काय व्याकरण लागतंय, एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं त्या लातूरला 😄

गोदाकाठचा_मास्तर

बंड्या, अर्धं पटलं. बोलताना कुणीही गाळतं, इंग्रज पण गाळतो, आणि लातूरच्या पावसाच्या वाक्यात कुणाचा गैरसमज व्हायचा नाही हे पण खरं. पण तुझं ॲव्हरेजचं वाक्य लिहून छापायला दे, चांगला संपादक तिथं लाल शाई मारेलच. बोलायचं माप वेगळं, लिहायचं वेगळं, आपण पण घरी बोलतो तसं अर्जात लिहितो का? आणि काही वाक्यं अशी असतात की तिथं गाळलं की खरंच अर्थाचे दोन तुकडे होतात. "आय कॉल माय सिस्टर मोअर ऑफन दॅन माय ब्रदर." आता सांग, मी भावाला कमी फोन करतो का माझा भाऊ बहिणीला कमी फोन करतो? "दॅन माय ब्रदर डज" लिहिलं तर भाऊ फोन करणारा झाला, "दॅन आय कॉल माय ब्रदर" लिहिलं तर फोन घेणारा झाला. हे काही परीक्षेपुरतं नाही, ह्याच्यावरून घरात भांडण लागेल.

परभणीची_पोरगी

औसेकर भाऊ, मी आयबीपीएस क्लार्क (बँकेतल्या क्लार्कची परीक्षा) काढलीय, आता नोकरीत आहे, तर पेपराच्या बाजूनं सांगते. सरांनी तत्त्व सांगितलं ते सोन्यासारखं आहे पण पेपरात तत्त्व आठवायला टाईम नसतो. मी काय करायचे, वाक्यात दॅन, ॲज, लाइक, अनलाइक, कम्पेअर्ड टू, सीनियर, सुपीरियर, प्रीफर ह्यातलं काही दिसलं की पेन तिथं ठेवायचे आणि अलीकडं-पलीकडं बघायचे, बाकीचं वाक्य नंतर. तेवढ्यात निम्मे प्रश्न सुटतात.

अनलाइकचं फार विचारतात आणि ते वाक्याच्या सुरुवातीला असतं म्हणून डोळ्यातून निसटतं. "अनलाइक कोकण, द सॉइल ऑफ मराठवाडा इज ब्लॅक." ऐकायला किती छान आहे ना? पण कॉमाच्या अलीकडं कोकण आणि पलीकडं माती. "अनलाइक द सॉइल ऑफ कोकण" करा किंवा "अनलाइक कोकण, मराठवाडा हॅज ब्लॅक सॉइल" करा. लाइक-अनलाइक दिसलं की कॉमाच्या लगेच पुढचा शब्द बघायचा, बस.

मग ते टू वाले. सीनियर, जुनियर, सुपीरियर, इन्फीरियर, ह्यांच्या पुढं दॅन कधीच नाही, टू. "ही इज सीनियर टू मी." आणि त्यांच्याआधी मोअर पण नाही, 'मोअर सुपीरियर' दिसलं की डोळे झाकून चूक. 'मोअर प्रीफरेबल' पण तसंच. प्रीफरचं थोडं नाजूक आहे, "आय प्रीफर ज्वारी टू व्हीट" बरोबर, "आय प्रीफर रीडिंग टू रायटिंग" बरोबर, पण टू वालं व्हर्ब आलं की मग "आय प्रीफर टू वॉक रदर दॅन वेट फॉर द बस" असं रदर दॅन येतं. 'प्रीफर रीडिंग दॅन रायटिंग' हे तर आपल्याकडं सगळेच लिहितात, ते चूक. वुड रादर आलं की दोन्हीकडं साधं व्हर्ब, "आय वुड रादर वॉक दॅन वेट".

कम्पेअर्ड टू असताना मोअर टाकायचं नाही असं पण लक्षात ठेवा. "द यील्ड धिस इयर इज मोअर कम्पेअर्ड टू लास्ट इयर" हे बँकेतल्या ऑफिस नोटमध्ये मी रोज वाचते 🙈 मोअर असेल तर दॅन पाहिजे. "द यील्ड इज हायर धिस इयर दॅन लास्ट इयर" लिहिलं की झालं, धिस इयरसमोर लास्ट इयर.

दॅन आय का दॅन मी हा वाद पेपरात आला तर 'दॅन आय' वर टिक करायची, पेपरवाले जुन्या वळणाचे आहेत, प्रत्यक्षात दोन्ही बोलतात.

आणि एक सावध करते, एकदा हे डोक्यात बसलं की सगळीकडं चुकाच दिसायला लागतात. "इट रेन्ड लेस इन लातूर दॅन इन कोल्हापूर" हे पूर्ण बरोबर आहे, तिथं दॅट घुसवू नका. नो एरर पण एक उत्तर असतं.

औसेकर_अभ्यासिका

बाप रे, एवढं तर सहा महिने क्लासला जाऊन पण कुणी सांगितलं नव्हतं. सर, ताई, दोघांचे आभार. रूममधल्या तिघांना वाचून दाखवलं, आता रूमवर सगळे एकमेकांच्या वाक्यातलं दॅन धरायलेत.

अजून दोन अडकलीत. एक आहे "मराठवाडा केसर इज ॲज स्वीट, इफ नॉट स्वीटर दॅन, हापूस." अन् दुसरं "द फॅक्टरी हॅज नॉट अँड विल नॉट पे द फार्मर्स." दुसरं तर आमच्या घरची कहाणी आहे, ऊस घालून किती दिवस झाले बिलाचा पत्ता नाही, कारखान्याचं नाव घेत नाही. ह्यात काय चूक आहे? कहाणीत नाही, वाक्यात 😅

बीडचा_बंड्या

पहिल्या वाक्यात चूक अशी आहे की 'इफ नॉट' काढून टाकायचं. केसर गोड आहेच. जीआय टॅग मिळालाय आपल्या केसरला. विषय संपला.

गोदाकाठचा_मास्तर

बंड्याचं आंब्यापुरतं मान्य.

दोन्ही वाक्यांत एकच रोग आहे, आणि हा मला सगळ्यात मजेशीर वाटतो. एक शब्द दोन मालकांची चाकरी करायला ठेवलाय पण त्याला एकाच मालकाचं काम येतं. तपासायचं कसं, तर मधला तुकडा बोटानं झाकायचा आणि उरलेलं वाचायचं. 'इफ नॉट स्वीटर दॅन' झाक. काय उरलं? "केसर इज ॲज स्वीट हापूस." लंगडं वाटलं ना? एक ॲज गायब आहे. म्हणून "ॲज स्वीट ॲज, इफ नॉट स्वीटर दॅन, हापूस". दोन कॉमांच्या मधलं काढलं तरी वाक्य उभं राहिलं पाहिजे. हे डोळ्याला जड वाटतं, मला पण वाटतं, म्हणून लिहिताना मी "केसर इज ॲज स्वीट ॲज हापूस, इफ नॉट स्वीटर" असं लिहीन, दॅनची गरजच पडत नाही.

आता दुसऱ्यात 'अँड विल नॉट' झाक. "द फॅक्टरी हॅज नॉट पे द फार्मर्स." हॅजला पेड लागतं, विलला पे लागतं, एकाच पे वर दोघांचं भागवलंय. "हॅज नॉट पेड अँड विल नॉट पे." प्रीपोझिशनचं पण हेच, "ही इज इंटरेस्टेड अँड गुड ॲट मॅथ्स", झाकून बघ, "इंटरेस्टेड ॲट मॅथ्स" उरतं. इंटरेस्टेडला त्याचं स्वतःचं इन द्यावं लागतं, "इंटरेस्टेड इन अँड गुड ॲट मॅथ्स".

बिल लवकर मिळो.

उदगीरकर_वकील

चर्चा वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो. अहो पॅरललिझम शिकायला क्लासची काय गरज, राज्यघटनेची इंग्रजी उद्देशिका उघडा. एवढं मोठं एकच वाक्य आहे आणि कुठंही तोल जात नाही, का ते बघा. 'हॅविंग सॉलम्नली रिझॉल्व्ड' च्या पुढं तीन टू येतात, 'टू कॉन्स्टिट्यूट', मग 'अँड टू सिक्युअर', मग शेवटी 'अँड टू प्रमोट'. मध्ये न्याय, स्वातंत्र्य, समता अशा ओळीच्या ओळी आल्यात, तरी तिसऱ्या टू वर आलं की वाचणाऱ्याला बरोबर कळतं की आपण संकल्पाच्या तिसऱ्या भागावर आलो. तिथं तो टू गाळला असता तर प्रमोट कशाला जोडायचं ते शोधत बसावं लागलं असतं.

आणि त्यातच बारीक नजरेनं बघा, "इक्वॅलिटी ऑफ स्टेटस अँड ऑफ ऑपॉर्च्युनिटी". दुसरा ऑफ नसता तरी व्याकरणानं चाललं असतं. पण तो ठेवलाय, म्हणजे दर्जाची समानता वेगळी आणि संधीची वेगळी, दोन स्वतंत्र गोष्टी आहेत हे ठसतं. कायद्याचा मसुदा लिहिताना आम्ही असले ऑफ आणि टू मुद्दाम ठेवतो, कारण तिथं एका शब्दावरून वर्षानुवर्षं तारखा पडतात.

परीक्षेसाठी ह्यातून घ्यायचं ते असं की टू एकदाच द्यायचा किंवा प्रत्येकाला द्यायचा. "टू रीड, राइट अँड रिव्हाइज" चालतं, "टू रीड, टू राइट अँड टू रिव्हाइज" चालतं, "टू रीड, राइट अँड टू रिव्हाइज" हे मात्र अर्धवट. तुकडे आखूड असले तर एकदाच बरा, लांबलचक असले तर प्रत्येकाला.

नांदेड_टू_पुणे

मस्त धागा. मी पुण्यात आयटीत आहे, भरतीच्या वेळी रेझ्युमे चाळायचं काम माझ्याकडं येतं, आणि आपल्याकडच्या पोरांचे रेझ्युमे बघून पॅरललिझम हा विषय किती कामाचा आहे ते कळतं. एकाच नोकरीखाली पहिली ओळ "मॅनेज्ड अ टीम", दुसरी "हँडलिंग क्लायंट कॉल्स", तिसरी "टू प्रिपेअर रिपोर्ट्स", चौथी "रिस्पॉन्सिबल फॉर टेस्टिंग". पोरगा हुशार असतो पण चार ओळी चार लोकांनी लिहिल्यासारख्या दिसतात. सगळ्या ओळी एकाच रूपानं सुरू करा, जुनं काम असेल तर मॅनेज्ड, हँडल्ड, प्रिपेअर्ड, टेस्टेड. पाच मिनिटांचं काम आहे, पण कागद लगेच नीटनेटका दिसतो.

दुसरी एक चूक, तिला लोक चूक मानतच नाहीत. "द रूम इज चीप, एअरी अँड हॅज वायफाय." चीप आणि एअरी विशेषणं, इजला लागून आलेली, आणि तिसरं डायरेक्ट व्हर्ब घुसलंय. यादी तीनची नाहीच, दोनची आहे आणि मग वेगळी गोष्ट आहे. "द रूम इज चीप अँड एअरी, अँड इट हॅज वायफाय." दोन वेळा अँड आला म्हणून घाबरायचं नाही, शाळेत शिकवतेत की अँड एकदाच शेवटी येतो म्हणून लोक असं तीनची यादी करून बसतात.

सरावाला काय घ्यायचं विचारशील तर जीमॅटचे (एमबीएच्या प्रवेशाची परीक्षा) जुने सेन्टेन्स करेक्शनचे, म्हणजे वाक्य दुरुस्त करायचे, प्रश्न शोध. २०२३ च्या शेवटी जीमॅटचा नवा फॉरमॅट आला त्यात तो प्रकार काढून टाकला, पण जुने प्रश्न जागोजागी पडलेत, आणि कम्पॅरिझन-पॅरललिझमवर तेवढे बारकाईनं काढलेले प्रश्न मला तरी दुसरीकडं दिसले नाहीत. एसएससीपेक्षा अवघड आहेत, वाक्यं पाच-पाच ओळींची असतात, तर पहिल्याच दिवशी वीस सोडवायला जाऊ नको, रोज चार घे आणि चुकीचे पर्याय का चूक आहेत ते वहीत मराठीत लिही.

परभणीची_पोरगी

बँकेच्या पेपराला जीमॅटची गरज नाही हो, उगीच घाबरवू नका त्यांना. मागच्या वर्षांचे एसएससीचे पेपर आधी संपवा भाऊ, तेच तेच साचे फिरून येतात. मग वेळ उरला तर ते.

नांदेड_टू_पुणे

हे पण बरोबर. एमपीएससी कम्बाइन मेन्सला पण इंग्लिश असतं, तो विचार असेल तर मात्र ते थोडे करून ठेव.

औसेकर_अभ्यासिका

आधी एसएससीचे, मग जीमॅटचे, ठरलं. एक शेवटचं विचारतो, आजच्याच मॉकला आलंय. "नायदर द ड्रायव्हर ऑर द पॅसेंजर्स वॉज हर्ट." मी नायदरला नॉर पाहिजे म्हणून ऑरचा पार्ट निवडला, मित्र म्हणतो वॉज चूक आहे. कुणाचं बरोबर?

गोदाकाठचा_मास्तर

दोघांचं. नायदरला नॉर पाहिजेच. आणि नॉर टाकल्यावर जवळचा कर्ता पॅसेंजर्स आहे, अनेकवचन, म्हणून वॉजच्या जागी 'वर' (were). "नायदर द ड्रायव्हर नॉर द पॅसेंजर्स वर हर्ट." एका वाक्यात दोन चुका असलेला एरर स्पॉटिंगचा प्रश्न नीट काढलेला नसतो, मॉक कुठली आहे ते बघ आणि जमलं तर बदल.